सहल मागच्या दारातून न्या

चार गाड्या, एकेका गाडीत ४५ मुलं, म्हणजे १८०. ही सगळी एका रांगेत एका काचपेटीसमोरून गेली आणि प्रत्येकाने पाचच सेकंद थांबून पाहिलं, तरी रांग सरकायला पंधरा मिनिटं लागतात. पुण्याच्या आगाखान पॅलेसला शाळेच्या सहलीत मिळतो जेमतेम अर्धा-पाऊण तास. त्यात हजेरी, पाण्याच्या बाटल्या आणि पायऱ्यांवरचा सामुदायिक फोटो. उरलेल्या वेळात मुलांनी १८९२ साली बांधलेल्या एका अवाढव्य घराचं काय पाहिलं असेल? पुढच्याच्या पाठीवरची सॅक.

तरीही सहलीच्या अर्जात ही भेट फार कामाची असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात महाविद्यालयीन सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींच्या अटी कडक केल्या. समुद्रकिनारे आणि पाणवठे टाळा, शैक्षणिक महत्त्वाची ठिकाणं निवडा, असं शाळांना बजावण्यात आलं. ते योग्यच होतं. पण त्यातून एक पळवाटही निघाली: सकाळी वास्तू, दुपारी थीम पार्क. वास्तूमुळे परवानगी मिळते आणि पार्कमुळे मुलं नावं नोंदवतात. दोन्ही कामं होतात, फक्त इतिहासाचं होत नाही.

इंग्रजी अमदानीतलं घर ही शाळेच्या सहलीसाठी महाराष्ट्रात मिळणारी सगळ्यात चांगली जागा आहे. किल्ल्यापेक्षाही चांगली. किल्ल्यात उरलेला असतो तट आणि चौथरा. बाकीचं कल्पनेने भरावं लागतं. घरात दार, खिडकी, जिना, नळ, चूल असं सगळं मुलांना रोजच्या वापरातून ओळखीचं असतं. त्यामुळे वेगळं काय आहे ते त्यांना आपोआप दिसतं. अडचण एवढीच, की आपण त्यांना तिथे पाहुण्यासारखं दिवाणखान्यातून आत नेतो आणि दिवाणखान्यातूनच बाहेर आणतो. घर कोण चालवत होतं, पाणी कोण भरत होतं, पंखा कोण ओढत होतं, घाण कोण उचलत होतं, लाकूड आणि लोखंड कुठून आलं होतं, हे सगळं मागच्या बाजूला असतं. साम्राज्य म्हणजे काय, हे आठवीच्या मुलाला समजेल असं तिथे लिहिलेलं असतं. म्हणून सहल मागच्या दारातून न्यावी.

आता यात नवीन काही नाही, असं एखादा शिक्षक म्हणेल. राज्य मंडळाच्या आठवीच्या इतिहासाचा पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांवर आहे आणि वास्तू हे एक साधन म्हणून तिथे येतंच. खरं आहे. पण वर्गात वास्तूला साधन म्हणायचं आणि सहलीत तिला मंदिर करायचं, असा आपला प्रकार आहे. साधनाला प्रश्न विचारायचे असतात.

पहिला प्रश्न अगदी घरगुती: हे घर कोणाचं? मुंबईच्या गावदेवीतलं मणिभवन गांधीजींचं म्हणून ओळखलं जातं. ते रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं घर होतं आणि १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे पोलिसांनी त्यांना तिथूनच नेलं. म्हणजे राजद्रोहाचे खटले चालवणाऱ्या सरकारच्या नाकासमोर एका व्यापाऱ्याने आपलं राहतं घर चळवळीला दिलं होतं. यात जोखीम कोणाची होती? हा प्रश्न विचारला की व्यापारी, देणग्या, पोलिसांची नजर असा सगळा पट उलगडतो. आगाखान पॅलेसही गांधीजींचा नव्हता. तो सुलतान मुहम्मद शाह, तिसरे आगाखान यांनी बांधला; दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधला, असं सांगितलं जातं. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ तो गांधीजींचा तुरुंग होता. आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा तर ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा, तोही नावापुरताच. तिथे राहायचं हे ज्याच्या इच्छेवर नव्हतं, अशा राजासाठी सरकारने बांधलेली ती जागा.

थिबा राजवाड्यापाशी जरा जास्त थांबायला हवं, कारण एका सागवानी तुळईवरून अख्खं साम्राज्य समजावता येईल अशी दुसरी जागा राज्यात नसेल. १८६३ साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. ब्रह्मदेशाच्या जंगलातला साग तोडून आणणं हा तिचा मोठा धंदा. कंपनीने तोडलेले ओंडके कमी दाखवले आणि राजाचा हक्काचा पैसा बुडवला, असं ठरवून थिबाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबरमध्ये फौजा इरावतीतून वर गेल्या, महिना संपायच्या आत मंडाले पडलं आणि १ जानेवारी १८८६ पासून वरचा ब्रह्मदेश इंग्रजी राज्यात सामील झाला. राजाला मद्रासमार्गे रत्नागिरीला आणलं. आधी तो इथल्या बंगल्यांत राहिला. राजवाडा तयार व्हायला १९१० साल उजाडलं आणि डिसेंबर १९१६ मध्ये त्याचा इथेच मृत्यू झाला. त्याआधी १८५८ मध्ये दिल्लीच्या बहादूरशाह जफरला रंगूनला धाडलं होतं. एकाचा राजा दुसऱ्याच्या देशात, अशी ही अदलाबदल नकाशावर दोन बाणांनी दाखवली तर दहा वर्षांच्या मुलालाही कळते.

आता त्याच इयत्तेला मुंबई-पुण्यातल्या त्या काळच्या एखाद्या घरात न्या आणि वर बघायला सांगा. जाड, सरळ, बिनगाठीच्या तुळया दिसल्या तर राखणदाराला विचारा, लाकूड कुठलं. ‘बर्मा टीक’ हे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच. दंड कशासाठी झाला होता आणि राज्य कशासाठी गेलं, ते लाकूड मुलांच्या डोक्यावर असतं.

लाकडाला बोलतं करावं लागतं, लोखंड मात्र स्वतःच बोलतं. गच्चीच्या किंवा सज्जाच्या खाली उघड्या लोखंडी तुळया असतील, तर टॉर्चच्या उजेडात त्यांच्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरं शोधायची. डॉर्मन लाँग हे इंग्लंडमधल्या मिडल्सबरोच्या कारखान्याचं नाव जुन्या इमारतींत अनेकदा सापडतं. रंगाचे थर चढल्याने अक्षरं बुजलेली असतात. टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरपा धरला की सावली पडते आणि वाचता येतात. कौलांचंही तसंच. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला आणि तिथून ही सपाट, खाचेची कौलं सगळ्या किनारपट्टीवर पसरली. कारखान्याचं नाव कौलाच्या खालच्या अंगाला असतं. छपरावर कोणी चढायचं नाही. जुन्या घरांच्या मागे फुटक्या कौलांचा ढीग बहुधा असतोच. कोकणातल्या मुलांना हे नाव आपल्या आजोळच्या पडवीतही सापडेल.

पुढच्या दारातून गेलेल्या मुलाला छताचा हुक दिसत नाही. तो झुंबराचा असेल असं वाटतं. एका ओळीत दोन-तीन हुक आणि त्याच रेषेत भिंतीत वरच्या अंगाला एक भोक किंवा कप्पी असेल, तर तो पंख्याचा. लाकडी चौकटीला कापड लावून टांगलेला पंखा, त्याची दोरी भिंतीपलीकडे, आणि तिथे व्हरांड्यात बसून ती दोरी तासन् तास ओढणारा माणूस. मुंबईत ट्रामची आणि विजेची कंपनी आली १९०५ साली. त्याआधी साहेबाच्या खोलीतली हवा कोणाच्या तरी हाताने हलत होती. मुलांना एवढंच करायला लावा: दोरी ओढणारा जिथे बसत असेल तिथे बसून आतलं काय दिसतं ते सांगा. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. भिंत दिसते.

आणि मग मागचा जिना. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे लोखंडी गोल जिना असतो आणि दोन इमारतींच्या मध्ये अरुंद घरगल्ली. आज तिथून नळाचे पाइप जातात. तेव्हा टोपलीच्या संडासांतला मैला तिथून नेला जायचा. सफाई करणाऱ्या माणसाचा घराच्या आतून वावर होऊ नये, म्हणून त्याच्यासाठी वेगळा जिना. वास्तुरचनेच्या पुस्तकात याला सोय म्हणतील. इंग्रजांना ही सोय भारतात आयती मिळाली. जात त्यांनी आणली नव्हती, पण तिला बिडाचा जिना त्यांच्या काळात मिळाला. मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा आला १९९३ मध्ये आणि अधिक कडक कायदा २०१३ मध्ये. म्हणजे हा जिना जितका जुना दिसतो तितका तो विषय जुना नाही.

इथे हमखास आक्षेप येतो. मुलं लहान आहेत, सहलीला मजा करायला आलेली आहेत, त्यांना जातीचं आणि मैल्याचं कशाला सांगायचं? शिवाय वर्गात सगळ्या समाजांची मुलं असतात. आक्षेपाचा दुसरा भाग गंभीर आहे आणि त्याला उत्तर पद्धतीने द्यावं लागतं. मोठ्या माणसाने दोन-तीन सरळ वाक्यांत सांगायचं: हा जिना कोणासाठी होता, का होता, हे अन्यायाचं का होतं, आज कायदा काय म्हणतो. कुणालाही आडनाव, गाव, आजोबांचं काम विचारायचं नाही. आणि नाटक करायचं नाही. नोकर, कैदी, सफाई कामगार अशा भूमिका मुलांना वाटून देण्याची हौस काही शिक्षकांना असते. ती इथे सक्त टाळावी, कारण कोणती भूमिका कोणाला दिली गेली हे वर्ग वर्षभर विसरत नाही. पहिल्या भागाचं मात्र नवल वाटतं. आठवीच्या मुलाला फुले आणि आंबेडकर परीक्षेत येतात. परीक्षेत जे चालतं ते डोळ्यांसमोर का चालू नये?

महात्मा फुल्यांचं नाव निघालंच आहे, तर पुण्याच्या गंज पेठेतला फुले वाडा या सगळ्याची उलट बाजू दाखवतो. साहेबाच्या घरात अस्पृश्यासाठी मागचा जिना. इथे १८६८ साली फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हे वाक्य मुलांना पाठ असतं. वाड्यात उभं राहून मात्र ते मोजता येतं. रस्त्यापासून पाण्यापर्यंत किती पावलं? पाणी भरायला येणारा माणूस कुठून आत शिरत असेल, घरातल्या माणसांच्या किती जवळून जात असेल? ओसरी कुठे, माजघर कुठे? मग कळतं की हौद खुला करणं म्हणजे अंगणात आणि घरात माणसांना येऊ देणं होतं, आणि त्यासाठी आजूबाजूच्या पेठांचा रोष ओढवून घेणं होतं. १८६० पासून मुंबईला विहार तलावाचं पाणी नळाने मिळू लागलं होतं. एकाच दशकात एका शहरात नळ आणि दुसऱ्यात हौदावरून बंदी, हे शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. मणिभवन आणि आगाखान पॅलेसच्या तुलनेत फुले वाड्याला सहली कमी का जातात, याचं कारण शाळांनी स्वतःला विचारावं. बसला वळायला जागा नाही, हे कारण मला अर्धंच पटतं.

घर म्हणजे खाजगी जागा, राजकारण बाहेर, हा समज मोडायला पुण्यातलाच आणखी एक दाखला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत हे मुंबईच्या गव्हर्नराचं पावसाळी निवासस्थान होतं. १८६४ ते १८७१ अशी सात वर्षं ते बांधलं जात होतं. २२ जून १८९७ च्या रात्री तिथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा सोहळा झाला आणि तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. मुलांना गोळ्या माहीत असतात. त्यामागचं कारण घराशी जोडलेलं आहे: प्लेगच्या तपासणीसाठी शिपाई लोकांच्या घरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरत होते. एका घरात रोषणाई आणि शेकडो घरांत झडती, एकाच वर्षात. हे दोन पत्ते एका नकाशावर लावा. त्यासाठी आत जाण्याचीही गरज नाही, इमारत बाहेरून पाहिली तरी पुरते.

महाबळेश्वरच्या बंगल्यांबद्दल मात्र सावध राहावं. तिथे शाळा जातात त्या पॉइंट बघायला आणि वाटेत साहेबांच्या टुमदार बंगल्यांचं कौतुक करत येतात. त्या थंड हवेच्या ठाण्यात १८६४ पर्यंत एक तुरुंग होता, त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले असत आणि भाजीपाल्याच्या लागवडीला त्यांचेच हात होते. ‘इंग्रजांची शिस्त बघा’ असं एक वाक्य प्रत्येक सहलीत कोणीतरी मोठं माणूस टाकतंच. त्या वेळी ही माहिती जवळ असलेली बरी.

आता हे करायचं कसं. एक इयत्ता, एक तुकडी, ४० मुलं. १८० घेऊन जायचं असेल तर वेगवेगळ्या दिवशी जावं. एका दिवशी सगळ्या तुकड्या म्हणजे पुन्हा तीच रांग. दहा-दहाचे चार गट, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. चार जागा ठरवायच्या: एक, बाहेरून घर आणि त्याची दारं, दोन, प्रसिद्ध खोली, तीन, मागची बाजू, म्हणजे स्वयंपाकघर, पाणी, जिना, चार, फरशी, लाकूड, लोखंड, कौल यांचा शोध. प्रत्येक जागी २५ मिनिटं आणि गट फिरवायला तीन वेळा पाच मिनिटं. सुरुवातीला १५ मिनिटं सूचना, शेवटी २० मिनिटं एकत्र बसून बोलणं. हे होतात अडीच तास. याहून कमी वेळ असेल तर जागा कमी करा, मिनिटं कमी करू नका. दुसरं ठिकाण त्या दिवशी ठेवूच नये.

शिक्षकाने आधी एकदा स्वतः जाऊन यायलाच हवं, आणि शाळेच्याच वेळेत, म्हणजे तेव्हा ऊन कुठे असतं, गर्दी किती असते ते कळतं. साप्ताहिक सुट्टी कधी, कोणती खोली दुरुस्तीसाठी बंद, पिण्याचं पाणी कुठे, बस कुठे उभी राहील, मुलं रस्ता कुठे ओलांडतील हे सगळं त्या फेरीत टिपायचं. आणि स्वच्छतागृह. हा विषय किरकोळ वाटतो, पण वेळापत्रक मोडतं ते इथेच. एकच स्वच्छतागृह आणि एका मुलाला दोन मिनिटं, तर ४० मुलांना ८० मिनिटं लागतात; अडीच तासांतले निम्म्याहून जास्त गेले. म्हणून निघण्यापूर्वी आणि वाटेत एक थांबा आधीच ठरवावा. मुलींसाठी तर हे अधिकच महत्त्वाचं. सोय नाही म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात.

साहित्य फार लागत नाही. दोघांत एक पुठ्ठ्याची पाटी, आलेखाचा कागद, दोन पेन्सिली, एक खोडरबर. पेन नाही: शाईचा डाग चुन्याच्या गिलाव्यावरून निघत नाही. गटाला एक टॉर्च आणि एक मोजपट्टी, ती कापडी. स्टीलच्या टेपची कड फरशीवर आणि लाकडावर ओरखडे काढते, शिवाय सुटली की सरकन परत येते आणि बोटं कापते. माप भिंतीला टेप टेकवून घ्यायचं नाही, जमिनीवरून घ्यायचं. १ सेंमी म्हणजे ५० सेंमी हे प्रमाण धरलं, तर ६ मीटर बाय साडेचार मीटरची खोली कागदावर १२ बाय ९ सेंमीची होते. वहीच्या पानात मावते आणि दारं-खिडक्या दाखवायला जागा उरते. उंची मोजायला शिडी नको. जिन्याची एक पायरी मोजायची, पायऱ्या मोजायच्या, गुणाकार करायचा. १७ सेंमीच्या २४ पायऱ्या म्हणजे ४०८ सेंमी, चार मीटरहून थोडं जास्त. आजच्या इमारतीत मजला साधारण तीन मीटरचा. एक मीटर जास्त बांधायचा खर्च कशासाठी केला, असं विचारलं की मुलं स्वतःच वरच्या झरोक्यांकडे बोट दाखवतात: गरम हवा वर जाते आणि तिथून बाहेर पडते.

प्रश्नपत्रिका सहाच प्रश्नांची, आणि कसोटी एक: उत्तर फलकावर लिहिलेलं नसावं. ही कसोटी लावली नाही तर मुलं काय करतात ते ठाऊक आहे. फलक उतरवून घेतात, पुढचा मागच्याला सांगतो, आणि कोणीही मान वर करून छत बघत नाही. या घराला दारं किती आणि कोणतं कोणासाठी? पाणी कुठून यायचं, कुठे साठायचं, सांडपाणी कुठे जायचं? रात्री उजेड कशाचा होता आणि त्याच्या खुणा आहेत का? बाहेरच्या देशातून किंवा प्रांतातून आलेली एक वस्तू शोधा. या खोलीतली कोणती वस्तू खरी जुनी आणि कोणती नंतर मांडलेली, हे कशावरून ठरवलं? आणि शेवटचा: या घरात जी कामं रोज होत असणार, पण करणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, अशी पाच कामं लिहा. या सहाव्या प्रश्नाला वेळ लागतो. लागू द्यावा.

काय बिघडतं, तेही सांगायला हवं, कारण जुनं घर हे वर्गाच्या खोलीइतकं सोशिक नसतं. पाठीवरच्या सॅक बसमध्येच ठेवा. वळताना त्या भिंतीला घासतात, आणि मुलांच्या खांद्याच्या उंचीवर गिलाव्यावर जो काळा पट्टा दिसतो तो अशाच घासण्याचा आणि हातांच्या तेलकटपणाचा असतो. लाकडी जिन्यावर एका वेळी दहाच मुलं, मध्ये एकेक पायरी सोडून, आणि पावलात पाऊल मिसळून चालायचं नाही. एकाच ठेक्यात पडणाऱ्या पावलांनी जुनी तुळई हलते. सज्जाचे कठडे आजच्या मानाने कधीकधी बुटके असतात, तिथे वाकून फोटो काढणं बंद. वळचणीला आणि कमानींखाली आग्या मोहोळ आहे का, हे पाहणी करतानाच विचारावं. असेल तर त्या बाजूला गोंगाट नाही, दगड नाही, अत्तर नाही, आणि गट शक्यतो दुसऱ्या दाराने न्यायचा. डबे व्हरांड्यात उघडायचे नाहीत. सांडलेल्यावर मुंग्या आणि उंदीर येतात आणि त्यांच्यामागे दुरुस्तीचा खर्च. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला कायदा सांगितलेला चांगला: राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाची नासधूस केली तर २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

श्रद्धेचा मुद्दा उरतो. आगाखान पॅलेसच्या आवारात गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या आहेत. तिथे नळ आणि जिने मोजायचे का? समाध्या शेवटी दाखवाव्यात, आणि तिथे कागद-पेन्सिल नको. पण तिथे पोचेपर्यंत मुलांनी तारखा मांडलेल्या असाव्यात. अटक ९ ऑगस्ट १९४२. महादेवभाई गेले १५ ऑगस्टला, म्हणजे सहाव्या दिवशी. १० फेब्रुवारी १९४३ पासून गांधीजींचं २१ दिवसांचं उपोषण. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला, दीड वर्षाच्या कैदेनंतर. गांधीजी सुटले ६ मे १९४४ ला. ज्या मुलाने त्या घराची लांब ओवरी पावलांनी मोजली आहे आणि ती किती सुंदर आहे हे पाहिलं आहे, त्याला या तारखा वेगळ्या लागतात. एवढ्या देखण्या जागेलाही तुरुंग म्हणता येतं का, यावर आठवीचा वर्ग पाऊण तास भांडू शकतो.

खर्चाची सबब मात्र टिकत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश विनामूल्य आहे आणि एसटी शाळेच्या सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते. सहल महाग होते ती दुपारच्या तिकिटाने. वेळेचंही तसंच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्यातला एक दिवस एका घराला देणं कठीण नाही. मुलांना धमाल हवी असते हे मान्य, ती वेगळ्या दिवशी करावी आणि तिला शैक्षणिक म्हणू नये.

शाळांना बोलून झालं, पण घरं सांभाळणाऱ्यांनाही सांगायला हवं. बहुतेक वास्तूंत पुढच्या खोल्या संग्रहालय असतात आणि मागच्या खोल्या कार्यालय, सामानाची खोली किंवा कुलूप. नोकरांच्या खोल्या पाडून वाहनतळ करायला कोणाची हरकत नसते, कारण तिथे कोणी प्रसिद्ध माणूस राहिलेला नसतो. त्यामुळे घराचा जो भाग सगळ्यात जास्त सांगणारा, तोच आधी नाहीसा होतो. गेलेली भिंत परत आणता येत नाही, हे पुण्यात नुकतंच दिसलं आहे: १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे भरली तो भिडेवाडा मोडकळीला आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये जमीनदोस्त झाला. स्मारक होईल, मोजायला ती खोली मिळणार नाही. विश्वस्तांनी आणि पुरातत्त्व खात्याने निदान एक मागची खोली, एक जिना आणि पाण्याची जागा रिकामी करून दाखवण्यात घ्यावी. मूर्ती नको, ध्वनिफीत नको. एक चूल, एक पाटी, आणि घरात किती माणसं कामाला होती याची नोंद सापडत असेल तर ती.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या कागदांत विमा, पालकांची संमती, शिक्षकांचं प्रमाण, गाडीची कागदपत्रं मागतात. ती हवीतच. त्यात दोन ओळी वाढवाव्यात: एका ठिकाणी किती वेळ थांबणार, आणि मुलं तिथे काय शोधणार. पहिल्या ओळीत अर्धा तास आणि दुसरीत ‘माहिती घेणे’ असं असेल, तर अर्ज परत पाठवावा. शाळांनी तारीख जूनमध्येच मागून ठेवावी आणि ती मंगळवार ते गुरुवार यांपैकी असावी. डिसेंबरात फोन केला तर शनिवार मिळतो, आणि शनिवारी मागच्या जिन्याची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस बहुतेक पुढच्या दारात गर्दी आवरत असतो.